एकशे सत्तावीस रिकामे खण

फावोरिटेन, व्हिएन्ना
१२ ऑक्टोबर १९०३

दोन तास तू दक्षिणेच्या स्टेशनावर पेटीवर बसून काढलेस आणि घरी आली नाहीस. नाही म्हणू नकोस, चिझकोव्हाने पाहिलं. तीच, खालच्या मजल्यावरची, जिचा नवरा डबल बास वाजवतो. स्टेशनापासून आपलं दार किती लांब आहे गं? वाटेत पाव निवत नाही एवढं. चार वर्षांनी या शहरात पाय ठेवलास, गाडी बदललीस आणि गेलीस.

वर चिझकोव्हा मला काय म्हणते, ‘अगं रोझाली, तुझ्या नातीच्या मांडीवर मूल होतं.’ मूल! मला पणतवंड झालं, आणि ते मला डबल बासवाल्याच्या बायकोकडून कळतं. मुलगा की मुलगी, हेही तिला सांगता येईना. गुंडाळलेलं होतं म्हणे. बाळं गुंडाळलेलीच असतात. निदान नाक कुणाचं आहे ते तरी बघून यायचं.

असो. ब्लाझेना, तुला आणि तुझ्या घरच्यांना आशीर्वाद. आम्ही आहोत.

म्हणजे मी आहे. तुझे आजोबा आहेत म्हणायला आहेत. पाय सुजलेत. डॉक्टर बोटाने दाबतो, खळगा पडतो, आणि त्या खळग्याकडे तो असा बघत राहतो जणू मोठंच काही करून दाखवलं. छातीत पाणी झालंय. आडवं होता येत नाही, उशांना टेकून बसतात. तरी टेबलावर राइटमोझरसाहेबांच्या नव्या ऑपेराचा तिसरा अंक पडलाय, तो कुणाला हलवू देत नाहीत.

पानं नेहमीसारखीच. वर गाणं, खाली पियानोवर दोन हातांत मावेल एवढं, आणि समासात खरडलेलं, ‘इथे पहाट’, ‘इथे भीती’, ‘वाव्रिनेत्स, तुम्हाला ठाऊक आहे’. वाव्रिनेत्सला ठाऊक असतं. तुझ्या आजोबांना एकतीस वर्षं ठाऊक आहे. पहाट कुणी फुंकायची, भीती कुणाच्या तारांवर ठेवायची, ते सगळं म्हातारा ठरवणार, चाळीस वाद्यांचं पान भरणार, आणि वरती नाव राइटमोझरचं. मी एकदा विचारलं होतं, ‘तुमचं नाव कुठाय?’ म्हणाले, ‘शिंप्याचं नाव कोटावर असतं का?’ मी म्हटलं, ‘आतल्या खिशावर तरी असतं.’ त्यानंतर या विषयावर माझ्याशी बोलायचं त्यांनी सोडून दिलं.

तू गेल्यापासून वाजवणाऱ्यांची सुटी पानं उतरवायला चार जण येऊन गेले. आत्ताचा जो आहे, त्याचे हात घामट. सगळ्या पानांवर अंगठे. म्हातारा त्याची पानं फाडत नाही, नुसती परत देतो. ते जास्त वाईट.

नाताळाआधी ये. मूल घेऊन ये. आल्यावर म्हण, ‘आजोबा, माझं चुकलं.’ तेवढ्याने तुझी जीभ झिजणार नाही. ते ट्रॉम्बोनचं प्रकरण मिटेल आणि माणूस सुखाने मरेल. घरात कुणी तरी चूक आपल्या अंगावर घ्यावीच लागते, नाहीतर घर चालत नाही. तुझी आई गेली तेव्हा तू चार वर्षांची होतीस. आम्ही तुला वाढवली. त्याचं काही नको, पण एवढं कर.

तुझी आजी
रोझाली क्रौपोव्हा

*

फावोरिटेन
३० ऑक्टोबर

उत्तर आलं, पण तुझं नाही. तुझ्या नवऱ्याचं. एत्तोरे भला दिसतो. अक्षर असं, की कॉफीच्या पोत्यांवर छाप मारावेत. मुलगी आहे, नोरिना नाव, दोन दात आले, हे त्याने लिहिलं ते बरं केलं. नाकाचं लिहायचं राहिलं.

शेवटी एक ओळ होती. ‘ब्लाझेना सांगते की तिने जो आकडा ऐकला तोच लिहिला, आणि हे तिने आजोबांना तेव्हाही सांगितलं होतं.’

ऐकला! त्या दुपारी घरात काय कमी गोंधळ होता? सगळ्यांनी सगळंच ऐकलं. एत्तोरेला तू काय सांगितलंयस कोण जाणे, म्हणून मीच लिहिते. त्याला वाचून दाखव.

एत्तोरे, पहिल्या प्रयोगाच्या दिवशी दुपारी एकला राइटमोझरांचा नोकर धापा टाकत आला. दुसऱ्या अंकाचा शेवट त्यांनी बदलला होता. आधी राजा लगेच मरायचा, आता मरायच्या आधी गाणार होता. पडदा सातला. म्हातारा नवीन पानं लिहीत होता, आणि तुझी बायको शाई वाळायच्या आत ती ओढून प्रत्येक वाजवणाऱ्याचं वेगळं उतरवत होती. ट्रॉम्बोनवाल्या तिघांना त्या शेवटात बराच वेळ काहीच काम नव्हतं. सुरांच्या पानावर उभ्या रेघांनी खण पाडलेले असतात. वाजवायचं नसेल तर ते रिकामे खण मोजून नुसता आकडा लिहितात. माणूस बसल्या जागी तेवढे खण मनात मोजतो आणि मग फुंकतो. खरे रिकामे होते एकशे सत्तावीस. ब्लाझेनाच्या कागदावर होते एकशे सदतीस.

तालमीला वेळ नव्हता. तसेच बसले वाजवायला.

ट्रॉम्बोनवाल्यांचा मुखिया हावेल्का. दर नाताळात सॉसेजची माळ घेऊन येतो. ‘वाव्रिनेत्सदादा, यंदा एक लांबलचक विश्रांती लिहा की. समोर जाऊन एक बिअर मारून येतो.’ म्हातारा सॉसेज ठेवून घेतो आणि विश्रांती देत नाही. त्या दिवशी पहिल्यांदाच एवढी लांब विश्रांती मिळाली, आणि बिचारा जागचा हलला नाही, मोजत बसला.

राजा मेला. राइटमोझर स्वतः समोर उभे राहून ताल देत होते, त्यांनी ट्रॉम्बोनकडे काठी रोखली. ट्रॉम्बोन गप्प. त्यांनी पुन्हा रोखली. हावेल्का कागदाचा माणूस, काठी थापा मारते पण कागद मारत नाही असं तोच म्हणतो. मग राणी गुडघ्यांवर बसली, बारीक आवाजात प्रार्थना धरली, आणि दहा खण उशिरा तिन्ही ट्रॉम्बोन तिच्या डोक्यावर कोसळले. अख्खं थिएटर हसलं. वरच्या सज्जातला एक जण ओरडला, ‘राजा उठला!’

दुसऱ्या दिवशी पेपरात राइटमोझरसाहेबांचा खुलासा. वाद्यांची पानं वाव्रिनेत्स क्रौपा यांच्याकडे सोपवली होती, दोष त्यांचा. सत्तावीस वर्षांत म्हाताऱ्याचं नाव पहिल्यांदा छापून आलं ते असं. त्यांनी ते कात्रण कापून प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलंय. अजून आहे. का ठेवलं, ते विचारायची माझी छाती होत नाही.

मग ते ब्लाझेनाला म्हणाले, ‘हा हात पुन्हा माझ्या पानाला लागता कामा नये.’ आणखीही म्हणाले, ते मी लिहीत नाही. तिने त्याच आठवड्यात त्रिएस्तची गाडी धरली. मी चुलीपाशी उभी होते. मध्ये पडले नाही. नवरा आणि नात यांच्या मध्ये पडून कुणाचं भलं झालंय?

एत्तोरे, तुझं एवढंच. पुढचं तिला.

पोरी, आता म्हाताऱ्याला लेखणी धरवत नाही. ते सांगतात, मी लिहिते. हो, मी. इतकी वर्षं पाच टोकांच्या लेखणीने त्यांना रेघा मारून दिल्या, सूर कुठल्या रेघेवर बसतो एवढं बघून बघून कळतं. ‘वर, रोझाली. आणखी वर. तो सूर आहे, कोंबडी नाही, खुराड्यात कोंबू नकोस.’ शब्दाशब्दाला धाप लागते, तरी टोमणा मारायला श्वास पुरतो. काल म्हणाले, ‘शिंगवाल्यांचे रिकामे खण मोज.’ मी म्हटलं, डोळे दुखतात. त्यांनी पान नाकाशी धरून स्वतः मोजले. एकशे चार निघाले. त्यात त्यांची तासभराची ताकद गेली.

ये गं. माफीचं नंतर बघू. नुसती ये.

आजी

*

फावोरिटेन
१८ नोव्हेंबर, बुधवार

डोळे दुखत नव्हते. ते खोटं होतं. त्याच्या आधीचंही खोटं होतं, ते आता लिहिते. एत्तोरेला दाखव किंवा नको दाखवूस.

मी दोन हिवाळे शाळेत गेले. अक्षरं आली, शंभरापर्यंत आकडे आले. मग आई मेली आणि मला दुसऱ्यांच्या गाई वळायला पाठवलं. गाई बाराच होत्या. पुढचे आकडे मला कधी पक्के झालेच नाहीत, आणि लागलेही नाहीत. बाजारात मला सांगायचे ते मी ‘हं’ म्हणून ऐकायचे. रिकामे खण मोजायचं काम तुम्ही माझ्याकडे दिलंत, तेव्हा मी ताठ मानेने घेतलं. एका खणाला एक वाटाणा, दहा वाटाणे झाले की घेवड्याचा एक दाणा बाजूला. तुला माझी गंमत वाटायची. राइटमोझरचे रिकामे खण तोवर कधी शंभरावर गेलेच नव्हते. चाळीस, साठ, फार तर नव्वद.

त्या दुपारी माझ्यासमोर घेवड्याचे बारा दाणे आणि सात वाटाणे होते. मोजलेले बरोबर होते, पोरी. वाटाणे बरोबरच होते. पण दहाव्या दाण्याला शंभर म्हणायचं, की एकशे दहा म्हणायचं, इथे मी अडले. म्हातारा ओरडला, ‘किती?’ तू ओरडलीस, ‘आजी, किती?’ मी म्हटलं, ‘एकशे सदतीस!’ छातीठोक म्हटलं. न येणारी गोष्ट मी नेहमीच मोठ्याने म्हणते.

तू मान वर करून एकदा माझ्याकडे बघितलंस. मग लिहिलंस.

पेपर आला त्या सकाळी मी बोलणार होते. पण ते तुझ्यावर तुटून पडले, तू म्हणालीस, ‘मी ऐकला तोच लिहिला,’ आणि माझं नाव घेतलं नाहीस. तुझ्याही मनात असेल, आजी आता बोलेल. मी पातेलं घासत राहिले. मनात म्हटलं, पोर एकोणीस वर्षांची, अक्षर मोत्यासारखं, कुठेही पोट भरेल. माझं काय? म्हातारपणी सगळ्या इमारतीला कळणार, की संगीताच्या घरातल्या या बाईला शंभराच्या पुढे मोजता येत नाही. चिझकोव्हा हसेल. हावेल्का सॉसेज घेऊन येईल तेव्हा हसेल. मी हसण्याला भ्याले. याहून मोठं कारण शोधू नकोस, नाही सापडणार. आणि वर गेल्या महिन्यात तुलाच लिहिलं, की चूक कबूल कर. माझ्या निगरगट्टपणाला सीमा नाही.

सोमवारी त्यांना सांगितलं. तिसऱ्या अंकात एक पान आलं, त्यात ट्रॉम्बोन गप्प होते. ते म्हणाले, ‘मोज.’ मी लेखणी खाली ठेवली.

‘तो आकडा मी सांगितला होता.’

‘कुठला?’

‘कुठला काय विचारता? एकच आहे.’

त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं. मग म्हणाले, ‘पोर म्हणत होती.’

‘म्हणत होती.’

‘मी ऐकलं नाही.’

‘नाही.’

‘तू तिथेच होतीस.’

त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. माझ्या हातचं सूप घेत नाहीत. चिझकोव्हा वर येऊन भरवते. तिचं सूप म्हणजे मिठाचं पाणी, मी ते कुत्र्याला दिलं नसतं, पण पितात. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात या माणसाने माझं ताट कधी परत केलं नव्हतं.

संध्याकाळी तिला विचारतात, ‘दक्षिणेची गाडी आली का?’ शिट्टी आपल्या खिडकीत ऐकू येते, त्यांना आता येत नाही. चिझकोव्हा म्हणते, ‘आली हो, दादा.’ मग दाराकडे बघत बसतात. अंधार झाला की पुन्हा भिंत.

हे पत्र तुला शुक्रवारी मिळेल. शुक्रवारीच निघालीस तर शनिवारी सकाळी इथे पोचशील. तू कुणाचीही माफी मागायची नाहीस. त्यांना तुझी मागायची आहे. तेवढा श्वास अजून आहे. माझं तोंड बघायचं नसेल तर मी चिझकोव्हाकडे जाऊन बसेन. चहा बरा करते ती.

आजी

*

फावोरिटेन
१ डिसेंबर

ते गेले, हे तुला तारेने कळलंच आहे. बावीस तारखेला, रविवारी, संध्याकाळी पाचच्या सुमाराला.

तू शनिवारी येशील असं चिझकोव्हाने त्यांना सांगितलं होतं, म्हणून त्या सकाळी त्यांनी तिच्या नवऱ्याला बोलावून दाढी करून घेतली. स्वच्छ सदरा मागितला. मी पेटीतून काढला आणि त्याच्या हाती आत पाठवला. मी पाठवला म्हटल्यावर घालतील की नाही अशी भीती होती, पण घातला. दिवसभर बसून राहिले. रविवारी सकाळी पुन्हा दाढी करा म्हणाले. तो म्हणाला, ‘दादा, कालच केली, काय वाढलंय त्यात?’ तरी करायला लावली. दुपारी बोलणं बंद झालं. शेवटी मी आत गेले, पाय चोळत बसले. त्यांनी पाय ओढून घेतले नाहीत. ओढण्याइतकी ताकद नव्हती म्हणूनही असेल. मी त्याचा दुसरा अर्थ लावत नाही, तूही लावू नकोस.

एत्तोरेचं पत्र सोमवारी आलं. तू माझं पत्र वाचलंस, एप्रनच्या खिशात ठेवलंस, दोन दिवस कुणाशी बोलली नाहीस, पेटी भरलीस आणि पुन्हा रिकामी केलीस, असं त्याने लिहिलंय. तुला बोल लावत नाही. मी चार वर्षं लावली, तू दोन दिवस लावलेस तर काय बिघडलं? बिघडलं ते माझ्या चार वर्षांत.

मातीच्या दिवशी तिघे ट्रॉम्बोनवाले न बोलावता आले. बोचऱ्या थंडीत कबरीपाशी वाजवलं. नंतर हावेल्का जवळ आला, टोपी हातात. मी तिथल्या तिथे त्याला सांगून टाकलं, की तो आकडा माझा होता, मला शंभरापुढे येत नाही.

तो म्हणाला, ‘क्रौपाबाई, मला त्या संध्याकाळीच वाटत होतं आकडा जास्त आहे. राजा मेलेला मला दिसत होता की समोर.’

‘मग फुंकलं का नाहीस, मेल्या?’

‘कागदावर होतं ना,’ म्हणाला, आणि रडायला लागला. एवढा थोराड माणूस. मी त्याला रुमाल दिला. हसला नाही. चिझकोव्हा शेजारीच होती, तीही हसली नाही. घरी येईपर्यंत माझा हात धरून होती. ज्या हसण्यापायी मी तुला घालवलं, ते कुणाकडे नव्हतंच.

गेल्या शुक्रवारी काळे कपडे घालून राइटमोझरसाहेबांकडे गेले. नोकर मागच्या दाराने या म्हणाला, मी पुढच्याने गेले. तिसरा अंक बरोबर नेला होता. त्यांनी खुर्ची दिली, कॉफी दिली. ‘बाईसाहेब, वाव्रिनेत्ससारखा माणूस पुन्हा होणे नाही.’

मी म्हटलं, ‘ते राहू द्या. ट्रॉम्बोनची चूक त्यांचीही नव्हती आणि माझ्या नातीचीही नव्हती. माझी होती. तुम्ही पेपरात त्यांचं नाव छापलंत, आता हे छापा.’

‘कुठले ट्रॉम्बोन?’

मी सांगितलं. राजा, राणी, काठी, सगळं. ते कपाळावर बोट ठेवून आठवत होते. मग म्हणाले, ‘अच्छा, ते! अहो, मी विसरूनही गेलो होतो. तो ऑपेरा पुढे कुणी लावलाच नाही. आता छापून वाचणार कोण?’ आणि हसले. वाईट नाही हसले. आजारी माणसाला धीर देताना हसतात तसं.

मग पानं चाळली. ‘किती राहिलीत?’

‘अकरा.’

‘आणि हे अक्षर कुणाचं?’

‘माझं.’

‘सुवाच्य आहे,’ म्हणाले. उरलेली अकरा पानं आता दुसरा कुणी भरणार आहे. त्याचं नाव सांगितलं त्यांनी. कसलंसं लांबलचक होतं, मी लक्षात ठेवलं नाही. त्या बिचाऱ्याचं नाव कुणीच ठेवणार नाही लक्षात, मी तरी का ठेवू?

जिना उतरताना नोकराने हात दिला. बाहेर येऊन त्यांच्या कुंपणाच्या दगडावर बसले. तिथे मला समजलं, की त्या माणसाला सांगून उपयोग नव्हता, चर्चमध्ये पाद्र्यापुढे कबूल करूनही नाही, हावेल्काला सांगूनही नाही. ज्यांना सांगायला हवं होतं ते दोघे एका खोलीत माझ्यासमोर उभे होते, आणि मी पातेलं घासत होते.

तू माझ्याकडे ये, असं आता लिहीत नाही. यायला इथे कुणी उरलं नाही. माझी सोय होईल. चिझकोव्हा रविवारी कोबी आणि डंपलिंग आणून देते, ते खाऊन मी अजून जिवंत आहे, म्हणजे काहीही पचेल.

पण या पत्राला उत्तर पाहिजे. एत्तोरे सज्जन आहे, त्याला राग येऊ देऊ नकोस. ‘ब्लाझेना बरी आहे आणि तुम्हाला नमस्कार सांगते’ असं त्याने पुन्हा लिहिलं, तर पाकीट न फोडता चुलीत घालीन. शिव्या दे. खोटारडी म्हण. ‘तुझं तोंड मला बघायचं नाही’ एवढी एकच ओळ लिही, मी ती ठेवून घेईन. पण हात तुझा पाहिजे. नवऱ्याने लिहायचं नाही, शेजारणीने नाही, कुणाला सांगून लिहवून घ्यायचं नाही. तू लिहायचंस, ब्लाझेना. तूच.

रोझाली